कार्ल फॉन लिंडे

कार्ल फॉन लिंडे (११ जून १८४२ – १६ नोव्हेंबर १९३४) हे जर्मन अभियंता, प्राध्यापक, संशोधक व उद्योजक होते. यंत्राच्या साहाय्याने थंडी निर्माण करण्याच्या तंत्राला, म्हणजेच प्रशीतनाला, त्यांनी उष्मागतिकीच्या पक्क्या गणिताचा आधार दिला आणि अमोनियावर चालणारे विश्वासार्ह प्रशीतन यंत्र घडविले. या यंत्राचे पहिले गिऱ्हाईक होते बीअर बनविणारे कारखाने. बीअरच्या किण्वनासाठी ठरावीक थंड तापमान लागते आणि ते तापमान राखण्यासाठी युरोपातील मद्यनिर्माते तोपर्यंत हिवाळ्यावर व तळ्यांतील नैसर्गिक बर्फावर अवलंबून असत. लिंडे यांच्या यंत्रामुळे हे अवलंबित्व संपले. पुढे १८९५ मध्ये त्यांनी हवेचे मोठ्या प्रमाणावर द्रवीकरण करण्याची पद्धत शोधली व त्यातून औद्योगिक प्राणवायू आणि नायट्रोजन यांच्या निर्मितीचा मार्ग खुला झाला.

बालपण व शिक्षण

लिंडे यांचा जन्म बव्हेरिया राज्यातील बेर्न्डॉर्फ या खेड्यात झाला. त्यांचे वडील प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. नऊ भावंडांमध्ये कार्ल यांचा क्रमांक तिसरा होता. पुढे वडिलांची बदली आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या केम्प्टेन या गावी झाली आणि कार्ल यांचे शालेय शिक्षण तेथेच पार पडले. मुलानेही आपल्याप्रमाणे धर्मसेवेत जावे अशी वडिलांची इच्छा होती. शाळेत असताना कार्ल यांना साहित्याची गोडी लागली होती. मात्र केम्प्टेनजवळच्या कॉटर्न येथील सूतगिरणीच्या संचालकांच्या कुटुंबाशी लिंडे कुटुंबाचा स्नेह होता. त्या गिरणीतील यंत्रे पाहून कार्ल यांचा ओढा अभियांत्रिकीकडे वळला.

१८६१ मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घेतला. तेथे त्यांना रुडॉल्फ क्लाउझियस, गुस्टाव्ह त्सॉयनर आणि फ्रान्झ रूलो असे शिक्षक लाभले. क्लाउझियस हे उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाची मांडणी करणाऱ्यांपैकी एक होते. उष्णता आपोआप थंड वस्तूकडून उष्ण वस्तूकडे जात नाही, ती तशी न्यायची असेल तर त्यासाठी कार्य खर्च करावे लागते, हा त्या नियमाचा आशय. लिंडे यांचे पुढील सारे संशोधन या एका वाक्यावर उभे आहे.

१८६४ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका निषेध आंदोलनात भाग घेतल्यामुळे लिंडे यांना संस्थेतून काढून टाकण्यात आले व त्यांना पदवी मिळू शकली नाही. रूलो यांनी मात्र आपल्या या विद्यार्थ्याची पाठराखण केली आणि त्यांना कॉटर्नच्या त्याच सूतगिरणीत उमेदवारीची जागा मिळवून दिली. तेथून ते बर्लिनच्या बोर्झिग कारखान्यात गेले. १८६६ मध्ये म्युनिक येथे नव्याने स्थापन झालेल्या क्राउस यांच्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात ते तांत्रिक विभागाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी हेलेन ग्रिम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला सहा अपत्ये झाली.

म्युनिकमधील अध्यापन

१८६८ मध्ये म्युनिक येथे पॉलिटेक्निक संस्था सुरू झाली. पदवी नसतानाही लिंडे यांची तेथे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्या वेळी त्यांचे वय २६ वर्षांचे होते. १८७२ मध्ये ते पूर्ण प्राध्यापक झाले. यंत्रशास्त्र केवळ फळ्यावर शिकवून भागणार नाही, विद्यार्थ्यांनी यंत्रावर मोजमाप केले पाहिजे, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी संस्थेत यंत्रांची प्रयोगशाळा उभारली. पुढे स्वतःच्या नावाच्या इंजिनामुळे प्रसिद्ध झालेले रुडॉल्फ डीझेल हे या काळातील त्यांचे विद्यार्थी होत. शिक्षण संपल्यावर डीझेल यांनी काही वर्षे पॅरिस येथे लिंडे यांच्या प्रशीतन यंत्रांचेच काम केले.

प्रशीतनाकडे लिंडे यांचे लक्ष वळले ते एका पारितोषिकाच्या जाहिरातीमुळे. पॅराफिनचे स्फटिक वेगळे करण्यासाठी थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचा आराखडा फ्रान्समधील म्यूलूझ येथील औद्योगिक संस्थेने मागविला होता. त्या काळी थंडी निर्माण करणारी काही यंत्रे अस्तित्वात होती. इंग्लंडमध्ये जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये बाष्पसंपीडनाच्या यंत्राचे एकस्व मिळविले होते. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन यांनी ईथरवर चालणारी यंत्रे बनविली होती. फ्रान्समध्ये फेर्दिनां कारे यांनी अमोनिया पाण्यात शोषून घेण्याच्या तत्त्वावरील यंत्र तयार केले होते. प्रशीतन यंत्राचे मूळ जनकत्व म्हणूनच लिंडे यांच्याकडे जात नाही. या यंत्रांना किती इंधन लागते आणि तेवढ्याच इंधनात जास्तीत जास्त किती थंडी मिळू शकते, हा हिशेब मात्र कोणी नीट मांडलेला नव्हता. लिंडे यांनी तो १८७० व १८७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत मांडला. उपलब्ध पद्धतींची तुलना करून, सहज उकळणाऱ्या द्रवाच्या बाष्पाचे संपीडन करण्याची पद्धत आदर्श मर्यादेच्या सर्वांत जवळ जाते, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हे लेख बव्हेरियातील एका औद्योगिक नियतकालिकात आले होते. त्यांची दखल सर्वांत आधी घेतली ती बीअर उत्पादकांनी.

बीअरचे किण्वन आणि बर्फाची अडचण

मोड आणून वाळविलेल्या जवापासून, म्हणजे माल्टपासून, गोड अर्क काढून तो हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतात व थंड झाल्यावर त्यात यीस्ट मिसळतात. यीस्ट हा सूक्ष्मजीव अर्कातील साखरेचे अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करतो. ही क्रिया म्हणजे किण्वन. आंबोळीचे पीठ रात्रभरात फुगते त्यामागेही सूक्ष्मजीवांची अशीच क्रिया असते. थंडीच्या दिवसांत पीठ लवकर येत नाही आणि उन्हाळ्यात पाहता पाहता आंबट होते, हा घरोघरीचा अनुभव किण्वन व तापमान यांचे नाते दाखवितो.

बीअरच्या बाबतीत हे नाते अधिक नाजूक असते. इंग्लंडमध्ये प्रचलित असलेल्या एल या प्रकाराचे यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सियस तापमानात काम करते. बव्हेरियातील लागर प्रकाराचे यीस्ट त्याहून बऱ्याच थंड, साधारण ७ ते १३ अंशांच्या वातावरणात काम करते आणि नंतर ही बीअर शून्य अंशाच्या आसपास कित्येक आठवडे मुरू द्यावी लागते. लागर या जर्मन शब्दाचा संबंधच साठवणुकीशी आहे. तापमान वाढले तर यीस्ट वेगाने वाढते आणि चवीत उग्रपणा आणणारी जड अल्कोहोले व फळांसारख्या वासाची एस्टर संयुगे जास्त प्रमाणात तयार होतात. शिवाय बीअर आंबविणारे जीवाणू बळावतात. तापमान फार उतरले तर यीस्ट सुप्त होते व किण्वन अर्धवट राहते.

यात आणखी एक अडचण असते. किण्वनातून स्वतःच उष्णता बाहेर पडते. एक लिटर अर्कातील सुमारे ८० ग्रॅम साखरेचे किण्वन झाले आणि ती उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर अर्काचे तापमान सुमारे १० अंशांनी वाढू शकते. भांडे लहान असेल तर बरीचशी उष्णता त्याच्या पृष्ठभागातून निघून जाते. भांडे जसजसे मोठे होते तसतसे आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी पडतो व उष्णता आत कोंडते. त्यामुळे खोली थंड असली तरी मोठ्या पिंपातील अर्क तापत जातो. मद्यनिर्मात्याला पहिले तीन-चार दिवस डोळ्यांत तेल घालून तापमापक पाहावा लागतो तो याचसाठी.

बव्हेरियात १५५३ च्या राजाज्ञेने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बीअर बनविण्यास मनाई केली होती. उन्हाळ्यात बनविलेली बीअर बिघडते, हे त्यामागील कारण होते. ही बंदी १८५० मध्ये उठली. परंतु कायदा उठला तरी ऋतू बदलला नव्हता. मद्यनिर्माते डोंगरात खोल तळघरे खोदत, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फाच्या लाद्या कापून त्यांत भरत आणि उन्हाळ्यात तो बर्फ पुरवून पुरवून वापरीत. किण्वनाच्या पिंपात बर्फाने भरलेले धातूचे डबे तरंगत ठेवून अर्क थंड राखण्याची पद्धत होती. एखादा हिवाळा उबदार गेला की बर्फ मिळत नसे आणि कारखान्याचे सारे वर्ष धोक्यात येत असे. शहरे वाढत होती, रेल्वेमुळे बाजारपेठ विस्तारत होती आणि तरीही उत्पादनाची मर्यादा तळ्यावरील बर्फाच्या जाडीने ठरत होती.

पहिले यंत्र

लिंडे यांच्या लेखांत रस घेणाऱ्यांमध्ये ऑस्ट्रियातील ड्रेहर यांचा मद्यनिर्मिती उद्योग आणि म्युनिकमधील श्पाटेन कारखान्याचे गाब्रिएल झेडलमायर हे प्रमुख होते. झेडलमायर व आंटोन ड्रेहर यांनी तरुणपणी, १८३० च्या दशकात, इंग्लंडचा अभ्यासदौरा केला होता आणि किण्वनात मोजमापाची साधने वापरण्याचे महत्त्व तेथून शिकून घेतले होते. साहजिकच, थंडीचा हिशेब मांडणाऱ्या प्राध्यापकाचे म्हणणे झेडलमायर यांना चटकन पटले. झेडलमायर यांनी आपल्या कारखान्यात प्रायोगिक यंत्र बसविण्यास जागा दिली. यंत्र बांधण्याचे काम आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याने, हाइन्रिख बुत्स यांच्या नेतृत्वाखाली, स्वीकारले. लिंडे यांचे पूर्वीचे मालक क्राउस यांनीही या उपक्रमाला आर्थिक पाठबळ दिले.

पहिल्या यंत्रात शीतक द्रव म्हणून मिथिल ईथर वापरले होते. हिशेब अचूक असला तरी प्रत्यक्ष यंत्राने त्रास दिला. दट्ट्याच्या दांड्याभोवतीच्या फटीतून वायू गळत असे. मिथिल ईथर ज्वालाग्राही असल्याने ही गळती केवळ नुकसानीची नव्हे तर धोक्याचीही होती. लिंडे यांनी यंत्राची रचना बदलली, गळती थोपविण्यासाठी द्रवाची मोहोर असलेली नवी जोडणी केली आणि मिथिल ईथरऐवजी अमोनिया वापरण्याचा निर्णय घेतला. अमोनियाचा वास उग्र असतो व तो विषारी असतो, पण थोड्या वायूतून पुष्कळ थंडी देण्याचा गुण त्याच्यात आहे आणि गळती झाली तर ती नाकाला ताबडतोब कळते.

अमोनियाचे सुधारित यंत्र १८७६ च्या सुमारास सिद्ध झाले. ड्रेहर यांच्या त्रिएस्ते येथील कारखान्यात ते बसविण्यात आले व १८७७ मध्ये चालू झाले. त्रिएस्ते हे एड्रियाटिक समुद्रावरील बंदर त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होते, आज ते इटलीत आहे. म्युनिकपेक्षा तेथील हवा उबदार असते. अशा किनारपट्टीच्या गावात लागर बीअरसाठी लागणारी थंडी यंत्राने पुरविणे ही या शोधाची खरी कसोटी होती. यंत्र त्या कसोटीला उतरले व सुमारे तीन दशके काम करीत राहिले. १८७७ मध्येच लिंडे यांना या यंत्रासाठी जर्मन साम्राज्याचे एकस्व मिळाले.

यंत्राचे कार्य

लिंडे यांच्या यंत्रातील तत्त्व मातीच्या माठासारखेच आहे. माठातून पाझरलेले पाणी बाष्प होताना उष्णता शोषून घेते व आतील पाणी गार होते. फरक असा की माठातील बाष्प हवेत निघून जाते, तर यंत्रातील बाष्प पुन्हा पुन्हा वापरले जाते. दुसरा फरक द्रवाचा. अमोनिया वातावरणीय दाबाला उणे ३३ अंश सेल्सियस इतक्या कमी तापमानास उकळतो, म्हणून तो पाण्यापेक्षा कितीतरी खालच्या तापमानापर्यंत थंडी देऊ शकतो.

यंत्राचे चार मुख्य भाग असतात. नळ्यांच्या पहिल्या वेटोळ्यात द्रव अमोनिया कमी दाबाखाली उकळतो आणि भोवतालच्या खाऱ्या पाण्यातील उष्णता ओढून घेतो. मीठ मिसळलेले हे पाणी शून्य अंशाखालीही गोठत नाही. ते नळांतून किण्वनाच्या तळघरात फिरविले की तेथील हवा व पिंपे थंड राहतात. वेटोळ्यातून निघालेले अमोनियाचे बाष्प संपीडक, म्हणजे काँप्रेसर, दाबतो. हे काम करण्यासाठी वाफेचे इंजिन जोडलेले असे. दाबामुळे तापलेले बाष्प दुसऱ्या वेटोळ्यात साध्या पाण्याने थंड केले की त्याचा पुन्हा द्रव होतो. शेवटी हा द्रव एका झडपेतून कमी दाबाच्या बाजूस सोडला जातो व चक्र पुन्हा सुरू होते. तळघरातील उष्णता अशा रीतीने उचलून बाहेरच्या पाण्यात टाकली जाते. खाऱ्या पाण्याचा प्रवाह कमी-अधिक करून किण्वनाचे तापमान हवे तेथे ठेवता येते. बर्फाच्या डब्यांनी हे नियंत्रण इतके काटेकोरपणे कधीच साधत नव्हते.

कंपनीची स्थापना

मागणी वाढू लागली तेव्हा अध्यापन की उद्योग हा प्रश्न लिंडे यांच्यापुढे उभा राहिला. प्राध्यापकाची नोकरी सुरक्षित होती, निवृत्तिवेतनाची हमी होती आणि घरी लहान मुले होती. तरीही वयाच्या ३७ व्या वर्षी त्यांनी ती नोकरी सोडली. २१ जून १८७९ रोजी वीसबाडेन येथे लिंडे यांच्या बर्फयंत्रांची कंपनी स्थापन झाली. बुत्स, क्राउस व काही मद्यनिर्माते तिचे भागीदार होते. कंपनी आराखडे तयार करी, बांधणी आउग्सबुर्गसारख्या कारखान्यांकडे सोपवी आणि बसविलेले यंत्र ठरल्याप्रमाणे थंडी देते की नाही याची जबाबदारी स्वतः घेई.

सुरुवातीची वर्षे कठीण गेली. यंत्र महाग होते आणि तळ्यातला बर्फ जवळजवळ फुकट होता. १८८३-८४ चा हिवाळा युरोपात विलक्षण उबदार गेला व नैसर्गिक बर्फाचा तुटवडा पडला. तेव्हा आजवर कचरणारे मद्यनिर्मातेही यंत्राकडे वळले. याच सुमारास बीअरच्या शास्त्रातही मोठे बदल घडत होते. लुई पाश्चर यांचा बीअरविषयीचा अभ्यासग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढविलेले शुद्ध यीस्ट उत्पादनात आणले. शुद्ध यीस्टचा पुरेपूर लाभ घ्यायचा तर त्याला मानवणारे तापमान बाराही महिने राखता आले पाहिजे. ती सोय लिंडे यांच्या यंत्राने केली. लागर बीअर थंड प्रदेशाच्या सीमा ओलांडून जगभर पसरली त्याचे हे एक मुख्य कारण होय.

कत्तलखाने, दूधप्रक्रिया केंद्रे, शीतगृहे व बर्फाचे कारखाने यांनीही पुढे हीच यंत्रे स्वीकारली. त्याच वेळी हिवाळ्यात तळ्यावर बर्फ कापून पोट भरणाऱ्या मजुरांचा व बर्फाच्या व्यापाऱ्यांचा धंदा मात्र हळूहळू बसत गेला.

हवेचे द्रवीकरण

१८९० च्या सुमारास लिंडे यांनी कंपनीचे दैनंदिन व्यवस्थापन सोडले व ते म्युनिकला परतून पुन्हा संशोधनाकडे वळले. या टप्प्यातही प्रेरणा मद्यनिर्मितीच्या क्षेत्रातूनच आली. डब्लिन येथील गिनेस कारखान्याने १८९२ मध्ये कार्बन डाय-ऑक्साइड द्रवरूप करण्याच्या संयंत्राची मागणी नोंदविली. त्या कामातून लिंडे अधिकाधिक खालच्या तापमानांच्या अभ्यासात शिरले.

दाबलेला वायू अरुंद वाटेने एकदम कमी दाबाकडे सोडला की तो किंचित थंड होतो, हे जेम्स ज्यूल आणि विल्यम टॉमसन यांनी आधीच दाखविले होते. ज्यूल हेही मँचेस्टरजवळच्या एका मद्यनिर्मात्याच्या घराण्यातील होते. एका वेळच्या प्रसरणाने मिळणारी थंडी अल्प असते. लिंडे यांनी थंड झालेली हवा परत फिरवून येणाऱ्या हवेला थंड करण्यासाठी वापरली. प्रत्येक फेरीत तापमान थोडे थोडे उतरत गेले आणि मे १८९५ मध्ये हवेचा द्रव हाती आला. इंग्लंडमध्ये विल्यम हॅम्प्सन यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे अशीच पद्धत शोधली होती, म्हणून तिला हॅम्प्सन-लिंडे पद्धत असेही म्हणतात. १९०२ मध्ये लिंडे यांनी द्रवरूप हवेतून प्राणवायू वेगळा करण्याची रीत विकसित केली. नंतर नायट्रोजनही शुद्ध स्वरूपात मिळू लागला. धातूंचे जोडकाम, खतनिर्मिती आणि रुग्णालयांतील उपचार यांना या वायूंचा फार मोठा उपयोग झाला.

भारत व कोकण किनारपट्टीच्या संदर्भात

उष्ण प्रदेशात थंडी कशी मिळवावी, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात भारतातही तीव्र होता. १८३३ मध्ये अमेरिकेतील बॉस्टनहून जहाजाने आलेला तळ्यांचा बर्फ कोलकात्यास पोहोचला व पुढच्या वर्षी मुंबईलाही येऊ लागला. तो साठविण्यासाठी या शहरांत बर्फघरे बांधण्यात आली. बीअर बनविण्यासाठी मात्र ब्रिटिशांनी डोंगरांचा आश्रय घेतला. १८५० च्या दशकात एडवर्ड डायर यांनी हिमालयातील कसौली येथे मद्यनिर्मिती सुरू केली आणि १८६० मध्ये आज पाकिस्तानात असलेल्या मरी परिसरात कारखाना स्थापन झाला. मैदानात थंडी आणता येत नव्हती, म्हणून कारखाना थंडीकडे नेण्यात आला. यांत्रिक प्रशीतन रुळल्यावर ही सक्ती उरली नाही व उष्ण मैदानांतही बीअरचे कारखाने उभे राहू शकले.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण, देवगड व वेंगुर्ला या किनाऱ्यावर किण्वनाचा जुना परिचय माडीच्या रूपाने आहे. माडाच्या पोयीतून झिरपणारा गोड रस मडक्यात जमा होत असतानाच हवेतील व मडक्यातील यीस्टमुळे आंबू लागतो. येथील उष्ण हवेत ही क्रिया इतकी जलद होते की सकाळी गोड असलेला रस दुपारपर्यंत मादक व दुसऱ्या दिवसापर्यंत आंबट होतो. रस आंबू नये, त्याची नीराच राहावी, यासाठी मडक्याला आतून चुना लावण्याची रीत आहे. म्हणजे येथे किण्वनाचे नियंत्रण तापमानाने न करता चुन्याने केले जाते. लागरसारखे मंद किण्वन या हवेत यंत्राशिवाय अशक्यच आहे.

परदेशांत घरगुती प्रमाणावर बीअर बनविणारे हौशी लोक आज तापमान राखण्यासाठी लिंडे यांच्याच चक्रावर चालणारा जुना फ्रिज वापरतात. फ्रिजला तापमान नियंत्रक जोडून त्याचा संवेदक किण्वनपात्राच्या बाहेरील अंगाला चिकटवितात, कारण मोजायचे असते ते फ्रिजमधील हवेचे नव्हे तर अर्काचे तापमान. ज्यांच्याकडे फ्रिज नसतो ते पात्र पाण्याच्या टबात ठेवून त्याभोवती ओले कापड गुंडाळतात. हा उपाय कोरड्या हवेत चांगला लागू पडतो. कोकणासारख्या दमट हवेत पाण्याचे बाष्प सावकाश होत असल्याने त्याचा उपयोग मर्यादित राहतो. विदर्भातला माठ उन्हाळ्यात जितके गार पाणी देतो तितके मालवणातला देत नाही, त्याचे कारणही हेच. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास १९४९ च्या दारूबंदी अधिनियमानुसार मनाई आहे, त्यामुळे ही माहिती येथे केवळ तत्त्वाच्या आकलनापुरती आहे.

कोकण किनाऱ्यावर लिंडे यांच्या कार्याचा दररोजचा उपयोग दिसतो तो मासळीच्या व्यवसायात. बंदरांजवळच्या बर्फ कारखान्यांत अमोनियाच्या चक्राने खारे पाणी थंड करून त्यात बुडविलेल्या डब्यांत बर्फाच्या लाद्या गोठवितात. संपीडक, अमोनिया, खारे पाणी ही सारी मांडणी त्रिएस्तेच्या यंत्रातील मांडणीशी जुळणारी आहे. ट्रॉलरवर चढणारा आणि मासळीच्या पेट्यांत भरला जाणारा बर्फ या मार्गाने येतो.

उत्तरायुष्य

१८९७ मध्ये बव्हेरियाच्या राजाने लिंडे यांना सन्मानपद बहाल केले व त्यांच्या नावात फॉन या उपाधीची भर पडली. म्युनिक येथे १९०३ मध्ये ऑस्कर फॉन मिलर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या जर्मन विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयाच्या पहिल्या संचालक मंडळावर ते होते. १९०७ मध्ये अमेरिकेत त्यांच्या पद्धतीने प्राणवायू तयार करणारी कंपनी निघाली. पहिल्या महायुद्धात तिच्यावरील जर्मन मालकी संपुष्टात आली. १९१० पर्यंत लिंडे यांनी कंपनीतील बहुतेक कामकाज पुढच्या पिढीकडे सोपविले होते. फ्रीडरिख व रिखार्ड हे त्यांचे पुत्र आणि जावई रुडॉल्फ वुखेरर हे उद्योगात सक्रिय झाले. १९१६ मध्ये लिंडे यांनी आपले जीवन व कार्य यांविषयी आत्मचरित्र लिहिले. १६ नोव्हेंबर १९३४ रोजी म्युनिक येथे वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

लिंडे यांच्या आधी थंडी निर्माण करणारी यंत्रे होती आणि त्यांच्या समकालीनांनीही ती बनविली. लिंडे यांचे वेगळेपण असे की यंत्र बांधण्यापूर्वी त्यांनी त्याची मर्यादा गणिताने ठरविली, यंत्र फसले तेव्हा चूक तत्त्वात आहे की जोडणीत हे त्यांना ओळखता आले आणि त्यामुळे धीर न सोडता ते दुसऱ्या, तिसऱ्या रचनेकडे वळू शकले. मद्यनिर्मात्यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला नसता तर हे गणित कदाचित नियतकालिकातच राहिले असते. अभियांत्रिकीच्या इतिहासात सिद्धांत व उद्योग यांच्या सहकार्याचे उदाहरण म्हणून त्यांच्या कार्याचा उल्लेख केला जातो.

त्यांच्या नावाची कंपनी आजही औद्योगिक वायूंच्या क्षेत्रातील जगातील प्रमुख कंपन्यांपैकी आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील प्रॅक्सएअर या कंपनीशी तिचे विलीनीकरण झाले. १९०७ च्या अमेरिकी कंपनीचा वारसा याच प्रॅक्सएअरकडे आला होता. पहिल्या महायुद्धात तुटलेल्या दोन शाखा अशा प्रकारे सुमारे शतकभराने पुन्हा एकत्र आल्या. भारतात हे नाव लिंडे इंडिया या कंपनीमुळे परिचित आहे.